साबुदाण्याएवढी गोळी आणि पुराव्याचा प्रश्न

[दृश्य : नौपाडा, ठाणे. होमिओपॅथिक औषधांच्या दुकानाचा काउंटर, संध्याकाळची वेळ.]

ठाण्यात होमिओपॅथीचा दवाखाना शोधत फिरावे लागत नाही. नौपाड्यात, कोपरीत, कळव्यात किंवा घोडबंदर रोडच्या नव्या सोसायट्यांच्या तळमजल्यावर त्याची पाटी सहज दिसते. बाळाला दात येताना होणारा त्रास, वारंवार होणारी सर्दी, चामखीळ, अर्धशिशी, मुतखडा अशा तक्रारी घेऊन माणसे तेथे येतात, आणि ‘याचे साइड इफेक्ट नाहीत’ हे वाक्य बहुतेकांनी घरातल्याच कोणाकडून तरी ऐकलेले असते.

काउंटरवरील विक्रेता एक ड्रामच्या काचेच्या बाटलीत साखरेच्या बारीक पांढऱ्या गोळ्या भरतो. या गोळ्यांत अजून औषध नाही. मग तो मागच्या फळीवरून ‘आर्निका ३०’ अशी चिठ्ठी असलेली बाटली काढतो, तिच्यातील अल्कोहोलयुक्त द्रवाचे काही थेंब गोळ्यांवर सोडतो, बूच लावून बाटली हलवतो आणि सूचना देतो : चार-चार गोळ्या दिवसातून तीनदा, हात न लावता झाकणातून थेट जिभेवर, आधी आणि नंतर अर्धा तास काही खायचे नाही. सारा वाद चिठ्ठीवरच्या त्या ‘३०’ या आकड्याशी येऊन थांबतो.

वनस्पतीच्या मूळ अर्काचा एक भाग आणि पाण्याचे किंवा अल्कोहोलचे नव्व्याण्णव भाग घेऊन ते मिश्रण जोराने हलवले, की पहिली पोटेन्सी तयार होते. तिचा एक भाग पुन्हा नव्व्याण्णव भागांत मिसळला, की दुसरी. हे तीस वेळा केले म्हणजे मूळ पदार्थाचे प्रमाण एकावर साठ शून्ये इतक्या भागांत एक भाग एवढे उरते. पृथ्वीवरील सर्व समुद्रांच्या पाण्यात मिळून जितके रेणू आहेत, ती संख्या सुमारे सत्तेचाळीस आकडी आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एकही रेणू शिल्लक राहण्याची शक्यता संपत आलेली असते. तिसाव्या पायरीवर ती उरतच नाही, आणि होमिओपॅथीत तर ‘टू हंड्रेड’ आणि ‘वन एम’ (दोनशे आणि हजार वेळा विरल केलेली) ही औषधे त्याहून प्रबळ मानली जातात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मूळ अर्क आणि अगदी कमी पोटेन्सीची औषधे यांना हा हिशेब लागू होत नाही, कारण त्यांत खरोखर पदार्थ असतो आणि म्हणून अपायही होऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१७ मध्ये बाळांच्या दातांसाठी विकल्या जाणाऱ्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचे प्रमाण अनियमित असल्याचे जाहीर केले होते. ‘अपाय होतच नाही’ हे विधान सरसकट करता येत नाही.

[दृश्य : जुनी चित्रे. रक्तमोक्षणाची उपकरणे.]

ही पद्धत मांडणारे सॅम्युअल हानेमान १७५५ मध्ये जर्मनीतील माइसेन येथे जन्मले. ते स्वतः वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर होते. १७९० मध्ये हिवतापावर दिली जाणारी सिंकोना झाडाची साल स्वतःवर प्रयोग म्हणून घेतल्यावर त्यांना हिवतापासारखी लक्षणे जाणवली, आणि निरोगी माणसात जी लक्षणे एखादा पदार्थ निर्माण करतो, त्याच लक्षणांच्या आजारावर तो पदार्थ उपयोगी पडतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८१० मध्ये त्यांनी ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळात रुग्णाच्या शिरा कापून रक्त काढणे आणि पाऱ्याच्या मोठ्या मात्रा देणे हे मान्यवर उपचार होते, हे विसरून हानेमान यांचे मूल्यमापन करणे अन्यायाचे ठरेल. १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत लंडनच्या होमिओपॅथिक रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण इतर रुग्णालयांपेक्षा बरेच कमी होते. आज त्याचा उलगडा असा केला जातो, की तेथे रुग्णाला स्वच्छता आणि विश्रांती मिळाली आणि घातक उपचारांपासून त्याची सुटका झाली. पण त्या काळच्या माणसाला यश दिसले ते गोळीचे, आणि होमिओपॅथीच्या लौकिकाचा पाया अशा अनुभवांवर घातला गेला.

मग या लौकिकाची कसोटी घ्यायची कशी? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर १८३५ मध्येच जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात दिले गेले. साध्या मिठाचा एक कण वितळलेल्या बर्फाच्या शुद्ध पाण्यात घेऊन तो होमिओपॅथीच्या पद्धतीने तीस वेळा विरल करण्यात आला. काही कुप्यांत हे ‘औषध’ आणि काहींत नुसते पाणी भरले गेले. कुप्यांवर फक्त क्रमांक होते. कोणत्या क्रमांकात काय आहे, हे वाटणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही नव्हते. त्याची यादी सीलबंद ठेवली होती. पन्नास जणांनी अनुभव कळवले. त्यांतील बेचाळीस जणांना काहीच विशेष जाणवले नाही. उरलेल्या आठांपैकी पाच जणांनी औषध घेतले होते आणि तिघांनी नुसते पाणी. संख्या लहान होती आणि आयोजकांनी स्वतःच त्या मर्यादेची जाणीव ठेवली. तरीही देणारा आणि घेणारा दोघेही अनभिज्ञ ठेवण्याची जी पद्धत आज प्रत्येक नव्या औषधाला लावली जाते, तिच्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक होमिओपॅथीच्याच वादातून जन्मले, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात अधिक ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

त्यानंतर असे अनेक प्रयोग झाले. १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ८९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात परिणाम केवळ प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीवरील विश्वासातून येणारा, म्हणता येत नाही असे आढळले होते, आणि होमिओपॅथीचे समर्थक त्याचा दाखला आजही देतात. मात्र कोणत्याही एका विशिष्ट आजारावर ती परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा नाही, हेही त्याच आढाव्यात नमूद होते, आणि दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी चाचण्या जितक्या काटेकोर तितका परिणाम कमी, असे दाखवून दिले. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक वैद्यकाच्या ११० चाचण्या शेजारी ठेवून पाहण्यात आल्या. मोठ्या आणि दर्जेदार चाचण्या निवडल्यावर होमिओपॅथीचा परिणाम प्लासिबोशी सुसंगत असल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही, असा निर्वाळा दिला, आणि फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून या औषधांचा खर्च सरकारी विम्यातून देणे बंद केले.

[दृश्य : पवई, तलावाकाठचा रस्ता.]

ठाण्याहून जवळच, पवईच्या आयआयटीत, या वादाला २०१० मध्ये वेगळे वळण मिळाले. तेथील संशोधकांनी सोने, तांबे, जस्त अशा धातूंपासून बनवलेल्या ३० आणि २०० पोटेन्सीच्या बाजारातील औषधांत त्या धातूंचे अतिसूक्ष्म कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. समर्थकांना हा मोठा आधार वाटला आणि तो वाटणे स्वाभाविक होते. परंतु कण सापडणे आणि आजार बरा होणे या दोन गोष्टींमध्ये मोठे अंतर आहे. शिवाय वरच्या पोटेन्सींमध्ये धातूचे प्रमाण जवळपास सारखेच राहत असेल, तर ‘जितके विरल तितके प्रबळ’ या मूळ तत्त्वालाच त्यामुळे अडचण निर्माण होते. त्याआधी १९८८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात फ्रेंच शास्त्रज्ञ जॅक बेंव्हेनिस्त यांचा असा दावा छापून आला होता, की प्रतिपिंडाचा रेणूही न उरलेल्या द्रावणाला रक्तपेशी प्रतिसाद देतात. ‘नेचर’चे संपादक जॉन मॅडॉक्स स्वतः त्या प्रयोगशाळेत गेले, नळ्यांची ओळख झाकून प्रयोग पुन्हा करवून घेतला आणि तो परिणाम दिसला नाही.

तरीही ‘मला गुण आला’ असे सांगणारी व्यक्ती खोटे बोलत नाही. सर्दी आठवड्याभरात आपोआप ओसरते. अर्धशिशी, त्वचेची खाज, सांधेदुखी यांचा जोर कमी-जास्त होत राहतो, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो जोर सर्वाधिक असताना. त्यानंतरचा उतार औषधाच्या नावावर जमा होतो. याखेरीज होमिओपॅथिक डॉक्टर पहिल्या भेटीत झोप, स्वप्ने, भीती, घरातील ताण यांविषयी सविस्तर विचारतात. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत बाहेर पडावे लागणाऱ्या आजीबाईंना कोणी तासभर ऐकून घेतले, तर त्यांना बरे वाटते आणि ते बरे वाटणे खरे असते. आधुनिक वैद्यकाने हे काम का सोडून दिले, हा प्रश्न त्याला विचारलाच पाहिजे. मात्र त्याचे श्रेय बाटलीतील द्रवाला देता येत नाही.

खरा धोका उशिराचा आहे. पावसाळ्यात ठाणे आणि नवी मुंबईत डेंग्यू, हिवताप आणि लेप्टोस्पायरोसिस दरवर्षी डोके वर काढतात. लेप्टोमध्ये प्रतिजैविके लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते आणि फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापात दोन दिवसांची वाट जिवावर बेतू शकते. असे असूनही केंद्रीय आयुष मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये करोना प्रतिबंधासाठी ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ सुचवले, तेव्हा त्यामागे करोनावरील एकही चाचणी नव्हती, आणि टाळेबंदीत मुंबई परिसरातील कित्येक घरांत या बाटल्या सुरक्षेची हमी म्हणून पोहोचल्या. संकटाच्या काळात शासनाच्या शब्दाला जे वजन असते, त्याचा हा वापर गंभीर होता.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. मुंबईतील एका खटल्यात, होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिल्यानंतर रुग्णाचा मृत्यू झाला होता, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणा ठरवला. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम (सी.सी.एम.पी.) पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. त्याला इंडियन मेडिकल असोसिएशनने न्यायालयात आव्हान दिले, आणि या डॉक्टरांची राज्य वैद्यक परिषदेकडे नोंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध १८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यातील डॉक्टरांनी संप केला. गोळी परिणामकारक आहे का आणि एका वर्षाच्या शिक्षणावर प्रतिजैविके लिहू द्यावीत का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि रस्त्यावरच्या घोषणांमध्ये ते एकमेकांत मिसळून गेले. दिवा किंवा कळवा येथील चाळीत रात्री अकरा वाजता ताप चढलेल्या मुलाला उचलून आई ज्या दवाखान्यात जाते, तेथील पाटीवर ‘बी.एच.एम.एस., सी.सी.एम.पी.’ म्हणजे होमिओपॅथीची पदवी आणि तो एक वर्षाचा अभ्यासक्रम, असे लिहिलेले असते. तिच्या हातात साखरेच्या गोळ्या पडणार की प्रतिजैविक, आणि रक्ततपासणीची चिठ्ठी मिळणार की नाही, हे त्या पाटीवरून तिला कळत नाही.