दहा मिलीलिटरची बाटली

[दृश्य: फ्रीजच्या दारात इन्सुलिनची बाटली]

ही बाटली अंगठ्याएवढी. आत दहा मिलीलिटर, म्हणजे हजार युनिट इन्सुलिन. एकदा उघडली की 28 दिवसांत संपवायची, उरलं तर टाकून द्यायचं. टाइप 1 मधुमेह असलेल्या, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा माणसाला महिन्याला अशा दोन-तीन बाटल्या लागतात, आणि एका दिवसाचाही खाडा चालत नाही.

1923 साली टोरांटोच्या संशोधकांनी इन्सुलिनचं पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं होतं. पुढे 1996 मध्ये इलाय लिली कंपनीचं 'ह्युमालॉग' हे इन्सुलिन अमेरिकेत आलं, तेव्हा बाटली 21 डॉलरला मिळायची. 2017 पर्यंत ती 275 च्या घरात गेली. आतलं औषध तेच.

[दृश्य: औषध दुकानाचा काउंटर]

अमेरिकेत औषध कंपनी आणि विमा कंपनी यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसलेला असतो, फार्मसी बेनिफिट मॅनेजर. विम्यात कोणती औषधं बसतील, ती यादी तो करतो. यादीत जागा हवी तर औषध कंपनीने रिबेट, म्हणजे किमतीतला काही भाग मागाहून परत द्यायचा, आणि तो छापील किमतीच्या टक्क्यांत मोजतात. किंमत जितकी चढी, तितका रिबेट दांडगा.

समजा, तेव्हाच्या 275 च्या बाटलीवर 200 डॉलर रिबेट परत गेला. विम्याच्या हिशोबात ती 75 ला पडली. पण विमा लागू होण्याआधी पदरचे भरायचे पैसे, म्हणजे डिडक्टिबल, ज्याचं अजून पुरं झालेलं नसायचं, तो काउंटरवर सगळे 275 मोजायचा. बहुतेकांचं डिडक्टिबल जानेवारीत पुन्हा शून्यावर येतं. विमाच नसलेल्याला तर बाराही महिने जानेवारी.

मग डोस पुरवून पुरवून घेतला जातो. वीस युनिटांच्या जागी बारा. पेशींना साखर मिळेनाशी होते, शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात कीटोन नावाची द्रव्यं साठून ते आम्लधर्मी होतं. उलट्या, धाप, आयसीयू. तरुण माणसं यात दगावली आहेत. हे मरण टाळता येण्यासारखं होतं.

मार्च 2023 मध्ये लिलीने ह्युमालॉगची किंमत 70 टक्के उतरवणार असल्याचं जाहीर केलं. त्यामागे एक हिशोबही होता: गरिबांच्या सरकारी विम्याला, मेडिकेडला, द्यायच्या रिबेटवरची कमाल मर्यादा 2021 च्या कायद्याने जानेवारी 2024 पासून उठणार होती. जुनी किंमत ठेवली असती, तर बाटलीमागे किमतीहून जास्त रक्कम कंपनीलाच भरावी लागली असती.

त्याच कंपनीचं, ब्रँडचं नाव नसलेलं तेच औषध 1 मे 2023 पासून 25 डॉलरला आलं. ते हवं असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'इन्सुलिन लिस्प्रो' असं लिहून घ्यावं.