प्लातानोसच्या सावलीत

खाली दिसतंय ते वोलोस, ग्रीसमधलं बंदराचं शहर. आपण त्याच्या डोक्यावर, पेलिओन डोंगराच्या कुशीत, माक्रिनित्सा गावात आहोत. गाडी वेशीशीच सोडायची. पुढे दगडी फरसबंदीची वाट, आणि ती वाट जिथे मोकळी होते तो गावचा चौक. ग्रीक भाषेत 'प्लातिया'.

चौक एवढासाच. एका बाजूला संत योहानाचं बुटकं चर्च, शेजारी संगमरवरी पाणवठा, आणि वर पसरलेले जुने प्लातानोस वृक्ष. पानं हाताच्या पंजाएवढी, सावली गार.

सावलीत काफेनिओच्या, म्हणजे गावच्या कॉफीघराच्या, खुर्च्या. कॉफी उकळते ब्रिकीत, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात. साखर किती ते आधीच सांगायचं: स्केतो म्हणजे बिनसाखरेची, मेत्रिओ बेताची, ग्लिको गोड. वर फेस हवाच. सोबत पाण्याचा ग्लास. तळाचा गाळ तसाच ठेवायचा. एवढ्याशा कपावर दोन तास काढले तरी 'उठा आता' असं कोणी म्हणत नाही.

इथल्याच एका काफेनिओच्या भिंतीवर थेओफिलोसनं चित्र रंगवलंय. हा लोकचित्रकार पेलिओनच्या गावोगाव भिंती रंगवत हिंडला, बऱ्याचदा दोन वेळच्या जेवणावर. १९३४ साली गेला. मोठं नाव झालं ते त्यानंतर.

पण ग्रीक गावांचा काफेनिओ फार काळ पुरुषांचाच होता, हेही सांगायला हवं. डाव, वाद, राजकारण सगळं त्यांचं. १९८०च्या दशकात तर कित्येक गावांत काफेनिओही वाटले गेले: निळा उजव्यांचा, हिरवा समाजवाद्यांचा. चुकीच्या दारात शिरलात तर संध्याकाळपर्यंत गावभर! बायका चौकात यायच्या त्या रविवारी चर्च सुटल्यावर, किंवा संध्याकाळी फेरफटक्याला, 'वोल्ता'ला. लग्नं जुळायची ती बहुतेक त्या फेऱ्यांतच, असं मला वाटतं.

ऑगस्टमध्ये ग्रीक खेडी भरतात. १५ तारखेला मरियमेचा सण; शहरात गेलेली मुलं-नातवंडं परततात, चौकात टेबलं लागतात, हातात हात गुंफून रिंगण धरलं जातं. सप्टेंबर उजाडला की टेबलं आत.

मग उरतात नेहमीचे चार जण. सकाळी येतात ते आधी खांबापाशी थांबतात. काळ्या चौकटीतला कागद तिथे चिकटवलेला असतो: कोण गेलं, अंत्यविधी किती वाजता. वाचतात, छातीवर क्रूस काढतात आणि आपापल्या खुर्चीवर जाऊन बसतात.

आतून आवाज येतो, "स्केतो?"