गेटवरच्या माणसाची फाईल

(दृश्य: ठाणे, सोसायटीचं गेट, रात्र)

रात्रीचे आठ. दिवसपाळीवाला अंगातला निळा शर्ट उतरवतो आणि रात्रपाळीवाला तोच चढवतो. नीट बघा, शर्ट एकच आहे. एजन्सीनं दोघांत एक दिलाय.

(दृश्य: केबिनमधलं टेबल, प्लास्टिकची फाईल)

ही रात्रपाळीच्या दादांची फाईल. आधार कार्ड, दहावीचं गुणपत्रक, उरलेले दोन पासपोर्ट फोटो. सगळ्यात खाली, वेगळ्या पिशवीत, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. घडीवर फाटलेलं, टेपनं जोडलेलं. तारीख वाचता येते, शिक्का वाचता येत नाही.

हा कागद लागतो २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्यामुळे. धंद्यातले लोक त्याला ‘पसारा’ म्हणतात. नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलंय, पण मराठी कानाला चपखल बसतं. कलम १० सांगतं: गार्ड भारताचा किंवा केंद्रानं जाहीर केलेल्या दुसऱ्या देशाचा नागरिक हवा, अठरा पूर्ण आणि पासष्टच्या आतला. कोर्टात दोषी ठरलेला चालत नाही. सैन्यातून, पोलिसांतून किंवा दुसऱ्या एजन्सीतून गैरवर्तनासाठी काढलेलाही नाही. आणि त्याच्या चारित्र्याबद्दल खात्री पटायला हवी.

कुणाची खात्री? एजन्सीची.

केंद्रानं राज्यांसाठी केलेल्या २००६ च्या नमुना नियमांत त्यासाठी तीन वाटा होत्या. एजन्सीनं स्वतः चौकशी करावी, माणसानं आणलेलं प्रमाणपत्र मानावं, किंवा पोलिसांचा अहवाल मागवावा. तिन्हींपैकी एक धरली तरी भागायचं. ज्याला उद्या सकाळी सातला चार गेटांवर माणसं उभी करायचीत, तो कुठली वाट धरेल?

(दृश्य: झेरॉक्सचं दुकान, फॉर्म भरणारे हात)

पोलिसांची वाट लांबची. गेल्या पाच वर्षांत जितक्या जिल्ह्यांत राहिलात, तितके फॉर्म. दादा मूळचे बीडचे, मग पुण्यात, आता ठाण्यात. म्हणजे तीन. अहवालाला नव्वद दिवसांची मुदत होती. आलेला अहवाल तीन वर्षं चालेल, असं त्याच नियमांत होतं. दादांनी तीन वर्षांत चार एजन्स्या बदलल्या. प्रत्येक ठिकाणी ऐकलं, “नवीन काढून आणा.” रजा त्यांची, रिक्षाभाडंही त्यांचंच.

(दृश्य: प्रशिक्षण केंद्राचं मैदान, सकाळ)

कागद झाला की हे मैदान. पुरुषाची उंची १६० सेंटिमीटर, छाती ८०, फुगवून चार जास्त. एक किलोमीटर सहा मिनिटांत. मागचा हिरव्या बनियनमधला मुलगा बघा, चपला हातात घेऊन पळतोय. वर्गात १०० तास, मैदानावर ६०, किमान वीस दिवस. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना सवलत आहे. आम्ही या केंद्रावर दोन दिवस होतो, म्हणून हे दाखवता येतंय. दादा इथं कधीच आले नव्हते. त्यांना पहिल्याच रात्री शिट्टी आणि टॉर्च मिळाली.

सोसायटीनं परस्पर ठेवलेला, जिन्याखाली राहणारा वॉचमन तर या कायद्यात येतच नाही. कायदा एजन्सीसाठी आहे.

२०१२ साली वडाळ्यात एका तरुण वकील महिलेचा खून झाला. इमारतीचा वॉचमनच दोषी ठरला. त्याला जन्मठेप झाली.

(दृश्य: पहाट, गेट. दूधवाला, पेपरवाला, शाळेची बस)

सकाळचे आठ. शर्ट पुन्हा उतरतो. त्याच्यासोबत गळ्यातलं ओळखपत्रही हातबदल होतं. गार्डला स्वतःच्या फोटोचं ओळखपत्र द्यायचं, असं कलम १७ म्हणतं.

(दृश्य: ओळखपत्र, जवळून)

यावरचा फोटो या दोघांपैकी कुणाचाच नाही.