चारचौघांत बोलताना मेंदूत काय चालतं?

मित्रहो, सामाजिक चिंता आणि लाजाळूपणा यांची गल्लत होते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. लाजाळू माणूस ओळख झाली की हळूहळू खुलतो. सामाजिक चिंता असलेला माणूस मात्र उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही, नोकरीची मुलाखत टाळतो, वाजणारा फोन वाजू देतो. आपलं हसं होईल ही भीती त्याची पाठ सोडत नाही. हा त्रास बहुधा कुमारवयात सुरू होतो आणि ‘स्वभावच तसा आहे’ म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळालं तेसुद्धा १९८० साली.

मेंदूच्या बाजूनं पाहायला लागल्यावर संशोधकांचं लक्ष आधी अमिग्डलाकडे गेलं. धोक्याची चाहूल घेण्यात या छोट्या भागाचा मोठा वाटा असतो. रागावलेले किंवा तुच्छतेनं पाहणारे चेहरे दाखवले, की सामाजिक चिंता असलेल्यांमध्ये अमिग्डलाची प्रतिक्रिया सरासरीनं जास्त तीव्र असते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण एका भागावर सगळं खापर फोडून हा त्रास समजत नाही. चेहरा समोर नसतानाही तो चालूच असतो, त्याचं काय?

इथे नेटवर्कची, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मेंदूच्या भागांच्या जाळ्याची, कल्पना उपयोगी पडते. १९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की माणूस निवांत पडून असतानाही मेंदूच्या दूरदूरच्या भागांतली हालचाल एकमेकांशी जुळवून कमीजास्त होते. २००१ मध्ये मार्कस रायकल यांच्या गटानं ‘डिफॉल्ट मोड’ची संकल्पना मांडली. बाहेर लक्ष देण्याजोगं काम नसतं, तेव्हा हे नेटवर्क जास्त सक्रिय असतं. स्वतःबद्दलचा विचार, जुन्या आठवणी, दुसरा आपल्याबद्दल काय समजत असेल याचा अंदाज, या सगळ्यांत त्याचा सहभाग असतो. दुसरं सेलियन्स नेटवर्क. कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर; त्यातल्या इन्शुला आणि सिंग्युलेट या भागांचे पुढचे हिस्से मिळून ते बनतं. आत्ता या क्षणी महत्त्वाचं काय, हे ते निवडतं. धडधडणारं काळीज, तापलेले कान यांची खबरही इन्शुलाकडेच येते.

आता बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाचा विचार करा. त्याचं लक्ष खरं तर श्रोत्यांकडे हवं, पण ते वळतं आत. आवाज कापतोय का? चेहरा लाल झालाय का? डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये नेमकी हीच गोष्ट या विकाराच्या केंद्रस्थानी ठेवली. शरीरातल्या संवेदनांवरून माणूस स्वतःचं एक चित्र तयार करतो आणि लोकांनाही तेच दिसतंय असं धरून चालतो. समोर कुणी मान डोलावली, तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. घरी गेल्यावर पुन्हा तीच उजळणी. मला ही उजळणी सर्वांत क्रूर वाटते, कारण तिच्यात प्रसंग दर वेळी आणखी वाईट होत जातो. स्वतःविषयीच्या विचारांच्या नेटवर्कमध्ये आणि अमिग्डला व कपाळामागच्या कॉर्टेक्सच्या जोडणीत या लोकांमध्ये फरक आढळले आहेत, ते या वर्णनाशी सुसंगत आहेत. मात्र सगळ्या अभ्यासांत फरकाची दिशा एकच नाही, आणि हे फरक गटांच्या सरासरीचे आहेत. एखाद्याचा स्कॅन पाहून त्याला सामाजिक चिंता आहे की नाही, हे कुणीही सांगू शकत नाही. तसा दावा करणाऱ्यांपासून कृपया लांब राहा.

आणि ‘मेंदूतच आहे म्हणजे बदलणार नाही’ असंही समजू नका. २००२ मध्ये थॉमस फुरमार्क आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये १८ रुग्णांचे लोकांसमोर बोलतानाचे पेट स्कॅन, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारे स्कॅन, घेतले. काहींना सिटॅलोप्राम हे औषध दिलं, काहींना गटानं कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धत), तर काहींना उपचार न देता प्रतीक्षेत ठेवलं. ९ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केले, तेव्हा औषध घेतलेल्या आणि थेरपी घेतलेल्या, दोन्ही गटांतल्या सुधारलेल्या रुग्णांच्या अमिग्डला व त्याच्या आसपासच्या भागांतला रक्तप्रवाह कमी झालेला होता. अभ्यास छोटा आहे, हे खरं. तरीही मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्या थेरपीत गोळी नव्हती. होतं ते बोलणं, आणि ज्या प्रसंगांची भीती वाटते त्यांना इतरांच्या सोबतीनं पुन्हा पुन्हा सामोरं जाणं.