लक्ष्मी रस्त्याचा बाजार कुणाच्या पायांवर उभा आहे?

(दृश्य : बेलबाग चौक, सकाळी दहाची वेळ. शटर वर जात आहेत. दुकानासमोर पाणी मारलं जात आहे.)

पुण्याच्या बेलबाग चौकात पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की समोर लक्ष्मी रस्ता. साड्या, सोनं, चपला, लग्नाचा बस्ता. डाव्या हाताला तुळशीबाग, त्यामागे मंडई. उजव्या हाताला अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आणि विजेच्या सामानाची तपकीर गल्ली. पाठीमागे रविवार पेठेत बोहरी आळी आणि पुढे कसब्यात तांबट आळी. एकेका धंद्याची एकेक गल्ली, आणि सगळ्या गल्ल्या एकमेकींना खेटून. सुई घ्यायला आलेलं माणूस पातेलं घेऊन परततं, ते या खेटून असण्यामुळेच.

ही रचना कुणी एका आराखड्यात बसवली नाही. बहुतेक पेठा पेशवाईत वसल्या. नारो अप्पाजी खिरे यांनी तुळशीबागेत रामाचं देऊळ बांधलं, देवळाच्या आवारात येणाऱ्या बायकांसाठी हळदीकुंकू, बांगड्या, पूजेची भांडी विकणारे बसू लागले, आणि बाजार त्यांच्याभोवती वाढला. पण आता हा बाजार टिकवायचा, त्यात पुन्हा बरकत आणायची, तर आराखडा लागेल. आमच्या या फिल्मचा प्रश्न एवढाच आहे : त्या आराखड्यात पहिली ओळ कुणाची असावी?

(दृश्य : दुपार. दुचाकींची दुहेरी रांग. फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालणारी एक आजी.)

व्यापाऱ्यांना विचारलं तर गेली कित्येक वर्षं एकच उत्तर येतं : पार्किंग. त्यांची काळजी खरी आहे. गिऱ्हाईक कोथरूडला, बाणेरला, हडपसरला राहायला गेलं. तिथे मॉल आले, त्यांच्या तळघरात गाडी लावायची सोय आली. मग मोबाइल आला, आणि दुकानात येऊन साडी अंगावर धरून बघणारी सून घरबसल्या मागवू लागली. इकडे येणाऱ्याला गाडी लावायला जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक तुटलं, असा तो हिशेब.

या मागणीप्रमाणे कामं झालीही. मंडईजवळ जिथे एके काळी आर्यन आणि मिनर्व्हा ही सिनेमागृहं होती, तिथे आज त्याच नावांची वाहनतळं आहेत. तरीही रस्त्याच्या कडेची रांग हललेली नाही. कडेला फुकटात किंवा जवळपास फुकटात गाडी लावता येत असेल, तर चार मिनिटं चालत वाहनतळावर कोण जाईल? रस्त्यावरच्या पार्किंगला दर लावण्याचं धोरण महापालिकेच्या मुख्य सभेने 2018 साली मंजूर केलं, तेही मोजक्या रस्त्यांपुरतं. विरोध इतका झाला की ते वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलंच नाही.

एक साधा हिशेब करून पाहू. चारचाकीला उभं राहायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. तेवढ्या जागेत सकाळी एक गाडी लागली आणि दुकानाच्याच मालकाची किंवा नोकराची असली, तर संध्याकाळपर्यंत ती जागा एकाही गिऱ्हाइकाला मिळत नाही. त्याच जागेत फुटपाथ रुंद असता, तर दिवसभर त्यावरून माणसं गेली असती, दुकानाच्या काचेपाशी थांबली असती. दुकानाच्या पायरीशी उभी असलेली गाडी गल्ल्यात काहीच टाकत नाही. हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. दुकानदारालाही कुठेतरी गाडी लावायचीच आहे. पण बाजाराची सगळ्यात महागडी जागा आपण कशाला वापरतो, हे एकदा बघायला हवं.

(दृश्य : 11 डिसेंबर. नगरकर तालीम चौक. बॅरिकेड. रस्त्याच्या मधोमध खेळणारी मुलं.)

2021 पासून दर 11 डिसेंबरला पुणे महापालिका पादचारी दिन साजरा करते. लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग त्या दिवशी वाहनांना बंद असतो. मुलं खेळतात, बँड वाजतो, व्हीलचेअरवरची माणसं रस्त्याच्या मधून जातात. ज्यांनी हा रस्ता कायम कुणाच्या तरी हँडलला धडकत ओलांडला आहे, त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वरच्या मजल्यांवरच्या लाकडी खिडक्या दिसतात.

हा दिवस फार चांगला आहे, पण एका दिवसाने व्यापाराचं काहीच सिद्ध होत नाही. बघायला आलेलं माणूस खरेदी करतंच असं नाही, आणि ठरलेल्या खरेदीला येणारं गिऱ्हाईक ‘आज रस्ता बंद आहे’ म्हणून उद्यावर ढकलतं. दुकानदार म्हणतो धंदा पडला, अधिकारी म्हणतात प्रतिसाद उत्तम, आणि दोघांपाशीही वर्षभराचा आकडा नसतो. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये स्ट्रॉयेट या बाजारपेठेत 1962 साली वाहनं बंद झाली, तेव्हा तिथले व्यापारीही घाबरले होते. तिथे प्रयोग एका दिवसात गुंडाळला नाही. लोकांना चालण्याची सवय लागेपर्यंत तो चालू ठेवला आणि मग कायम केला. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता 2021 साली नव्याने बांधून दिवसा मोटारींना बंद केला. तिथे सायकलरिक्षा राहिल्या, माल उतरवायला रात्र राहिली. आपल्याकडेही टेम्पो, छोटा हत्ती आणि हातगाड्यांची वेळ आधी ठरली पाहिजे. डॉ. बाबा आढावांनी उभारलेली हमालांची संघटना, हमाल पंचायत, याच पेठांतली. कापडाचा गठ्ठा कोणत्या चौकात उतरतो आणि डोक्यावरून किती लांब न्यावा लागतो, हे हमालाइतकं कुठल्याही सल्लागार कंपनीला ठाऊक नाही. त्यांना बैठकीला बोलवा.

(दृश्य : मेट्रोचा सरकता जिना. वर येताच मंडईची अष्टकोनी इमारत आणि तिचा मनोरा.)

29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली. कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्थानकं या बाजाराच्या पोटातच आहेत. पिंपरीहून आलेलं माणूस आता गाडी न आणता थेट मंडईत वर येतं. पार्किंगच्या रडगाण्याला याहून मोठं उत्तर या पेठांना कधी मिळालं नव्हतं.

पण भुयारी रेल्वे आली की बाजार आपोआप फुलतो, असं नाही. कॅनडातल्या टोरांटो शहरात ब्लूर स्ट्रीटच्या दुकानदारांनी याचा उलटा अनुभव घेतला. 1968 साली त्यांच्या भागात मेट्रो पोहोचली आणि रस्त्यावरची ट्राम बंद झाली. ट्रामच्या खिडकीतून दुकानं बघत जाणारं गिऱ्हाईक जमिनीखालून निघून जाऊ लागलं. शिवाय नवे मॉल होतेच. त्या दुकानदारांनी मग 1970 साली एक व्यवस्था उभी केली. त्या पट्ट्यातल्या प्रत्येक धंद्याने मालमत्ता कराबरोबर थोडी जादा रक्कम भरायची, नगरपालिकेने ती गोळा करून त्यांच्याच मंडळाला परत द्यायची, आणि मंडळाने ती दिवे, बाकं, झाडं, सण-उत्सव यांवर खर्च करायची. जगात आज असे हजारो बाजार आहेत. सुरुवात तिथली.

त्यातली कळीची गोष्ट म्हणजे सगळ्यांनी भरणं. आपल्या व्यापारी संघटना दिवाळीला रोषणाई करतात, पण वर्गणी चार-दोन मोठे दुकानदार देतात आणि उजेड सगळ्यांच्या दारात पडतो. मग पुढच्या वर्षी तेही हात आखडतात. लक्ष्मी रस्त्याला असा कायमचा निधी हवा. आणि त्याच्या मंडळावर रस्त्यावर पथारी मांडून विकणारे पथारीवालेही हवेत, हेही आत्ताच म्हणून ठेवायला हवं. कारण जगभर अशी मंडळं बहुधा रस्ता ‘साफ’ करायला निघतात, आणि साफ होतो तो गरीब विक्रेता.

(दृश्य : तुळशीबाग. छत्रीखाली मांडलेली भातुकली, केसांच्या क्लिपा, स्टीलची गाळणी.)

रस्त्यावरच्या विक्रेत्यांना पुण्यात पथारीवाले म्हणतात. अतिक्रमणाची गाडी आली की गाठोडं बांधून पळणारी माणसं, एवढीच त्यांची ओळख नाही. दुकानदाराच्या दारात गर्दी जमवतात ते हेच. तीस रुपयांच्या क्लिपेसाठी वाकलेली मुलगी मान वर करते तेव्हा समोर ड्रेसचं दुकान असतं. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना दाद मागायची जागा दिली. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेतेच असले पाहिजेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. पन्नास वर्षांहून जुने नैसर्गिक बाजार, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने जमतात अशा जागा, वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही हा कायदा सांगतो. तुळशीबाग वारसा नसेल तर पुण्यात वारसा कशाला म्हणायचं?

मंडईची गोष्ट इथेच सांगायला हवी. 1886 साली उभी राहिलेली ही देखणी इमारत तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जायची. नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, हे त्यांचं म्हणणं. आज मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सार्वजनिक पैसा कुणाच्या उपयोगी पडावा हा त्यांचा प्रश्न होता, आणि पेठांच्या आराखड्यासमोर तो तसाच उभा आहे. घाऊक व्यापार गुलटेकडीला गेल्यावर मंडईत उरल्या त्या गाळ्यांवर बसणाऱ्या भाजीवाल्या. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर, पायाखालची फरशी, सांडपाण्याची वाट यावर खर्च करायचा, की दर्शनी भागावर रंगीत दिवे सोडायचे?

या बाजारात येणाऱ्यांत बायका फार मोठ्या संख्येने असतात. सासवडहून, शिरूरहून एसटीने येऊन लग्नाची खरेदी करणाऱ्या बायका सकाळी येतात, संध्याकाळी परततात. त्यांना बसायला बाक नाही. लहान मुलाला पाजायला आडोसा नाही. स्वच्छतागृह शोधावं लागतं, आणि सापडलं तर आत जाववत नाही. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत, आणि दोन दुकानं कमी करून घरी जातात. कोणत्याही मॉलमध्ये ही सोय पहिल्या दिवसापासून असते. आमच्या मते या बाजाराचा सगळ्यात मोठा तोटा इथे होतो, आणि तो सगळ्यात कमी पैशांत भरून निघण्यासारखा आहे. दर दोनशे मीटरवर चांगलं स्वच्छतागृह, ते सांभाळणारी पगारी माणसं, पिण्याचं पाणी, सावलीतली बाकं. वरच्या निधीचा पहिला रुपया यासाठी जावा.

(दृश्य : वाड्याचा जिना, कुलूपबंद दारं. वरच्या मजल्यावर खोक्यांची थप्पी.)

दुकानांच्या वर नजर टाकली तर आणखी एक गोष्ट कळते. वरचे मजले रिकामे होत चालले आहेत. मालक आणि भाडेकरू यांचे वर्षानुवर्षांचे दावे, भावाभावांतल्या वाटण्या, जुनी नाममात्र भाडी. लहानशा जागेवर नवं बांधायचं तर सोडायची मोकळी जागा आणि पार्किंग यांचा मेळ बसत नाही. मग वाडा पडेपर्यंत थांबायचं, आणि तोवर माळ्यावर मालाची गोदामं. पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरलेले लाकडी जिने आणि अग्निशमनाचा बंब वळणार नाही अशा गल्ल्या, ही भीती वेगळीच. इथे राहणारं कुटुंब गेलं की रोजचं दूध, किराणा, शिंप्याकडचं काम गेलं. संध्याकाळी आठनंतर रस्ता ओसाड. मेट्रो स्थानकाच्या पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्यांना पार्किंगची अट सैल करून वाडे दुरुस्त करू द्या, वर पुन्हा माणसं राहू द्या.

(दृश्य : एका दुकानात मालक वही उघडतो.)

महापालिकेकडे आमची मागणी आहे ती मोजणीची. दिवाळी आणि लग्नसराई सोडून सलग तीन महिने, दर शनिवार-रविवार, दुपारी चार ते रात्री नऊ लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवा. त्याआधीचे तीन महिनेही मोजा. किती माणसं चालत आली, किती मेट्रोने, किती दुचाकीने. आपल्या रोजच्या विक्रीचा आकडा नाव न सांगता देणारे पन्नास दुकानदार आणि पन्नास पथारीवाले शोधा. आकडे दर महिन्याला मंडईच्या दारावर मराठीत लावा, म्हणजे ज्यांच्याबद्दल ते आहेत त्यांनाही वाचता येतील. विक्री घटली तर व्यापाऱ्यांचं म्हणणं खरं ठरेल आणि वेळा बदलाव्या लागतील. वाढली तर पुढच्या अंदाजपत्रकात रुंद फुटपाथासाठी तरतूद करायची.