कप उलटा करून बघा

नमस्कार मंडळी. घरातला जुना बोन चायनाचा कप हातात घ्या, चहा संपवून मगच, आणि उलटा करा. बुडाला काहीतरी छापलेलं दिसेल, मुकुट, सिंह, दोन-तीन इंग्रजी अक्षरं, खाली एखादा नंबर, आणि नाव मात्र आपण कधी ऐकलेलंच नसतं. कसं ऐकणार? इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटकडे, त्यातही लाँगटनमध्ये, बोन चायनाचे इतके छोटे छोटे कारखाने होते की कितीतरी जण नुसती आद्याक्षरं टाकून मोकळे व्हायचे. त्यातलं शेवटचं अक्षर कधीकधी गावाचं असतं, एल म्हणजे लाँगटन, बी म्हणजे बर्सलेम, आणि आपण बसतो त्याचं आडनाव शोधत.

म्हणून नावामागे लागू नका, आधी काळ शोधा. शिक्क्यात 'इंग्लंड' असेल तर कप साधारण 1891 नंतरचा, कारण अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुतेक विसाव्या शतकातला. परत सांगतो, नुसतं इंग्लंड, 1891 नंतर. मेड इन इंग्लंड, आणखी पुढे. आणि मुकुट बघून हुरळून जाऊ नका, मुकुट कोणीही छापायचं.

आता आमच्या गिरगावच्या चाळीतल्या आप्पांची गोष्ट सांगतो, ती सांगायलाच आज बसलोय म्हणा ना. आप्पांकडे भिंतीतल्या कपाटात एक टी-सेट होता, निळी-सोनेरी वेलबुट्टी, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याची कथा ऐकावी लागायची. आप्पांचे आजोबा सरकारी कारकून, साहेबाबरोबर दिल्ली दरबाराला गेले, साहेबानं खूश होऊन सेट दिला. कुठला दरबार? तर 1877 चा, व्हिक्टोरिया राणीचा! (सेट कपाटात आणि पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यात, ही आपली खास मराठी पद्धत मला अजिबात पटत नाही, कप वापरायलाच असतो, फुटला तर फुटला.)

तर एका दिवाळीत काकूंनी सेट धुऊन टॉवेलवर पालथा घातला आणि मला बुडं दिसली. मुकुट, दोन अक्षरं, इंग्लंड, आणि 'आरडी नंबर', म्हणजे डिझाइनच्या नोंदणीचा आकडा. हे आकडे 1884 पासून एकपासून सुरू झाले, त्याआधी 1842 ते 1883 चौकटच्या एक्क्यासारखा शिक्का असायचा. 1900 उजाडेपर्यंत आकडा साडेतीन लाखांपर्यंत गेला होता. आप्पांचा आकडा तीन लाख नव्वद हजारांच्या घरातला, म्हणजे 1902. मी गप्प बसणार होतो, पण काकू म्हणाल्या, "सांग रे सांग, लग्न झाल्यापासून ऐकतेय मी."

सांगितलं. आप्पा भडकलेच, म्हणाले साहेब काय खोटं बोलला? मग काकूंनीच विचारलं, अहो, तुमच्या आजोबांचा जन्म कधीचा? आप्पा म्हणाले, 1875. "मग काय पाळण्यातून गेले होते दिल्लीला?" सगळी खोली हसायला लागली, आप्पा पण हसले, आणि एकदम उठून म्हणाले, "1903! कर्झनचा दरबार!" आणि बरोबर की हो, जानेवारी 1903 ला सातव्या एडवर्डसाठी दिल्लीत दरबार भरलाच होता. डिझाइन 1902 चं, दरबार 1903 चा, गोष्ट खरी, फक्त दरबार दुसरा!

पण त्यांचा मुलगा वकील, तो म्हणाला, बाबा, नंबरवरून एवढंच कळतं की त्याच्या आधीचा नाही, नंतर कितीही वर्षं तेच डिझाइन निघालं असेल, मग 1911 चा दरबार का नको? मुद्दा बरोबर आहे त्याचा, तुम्हीही लक्षात ठेवा, नंबर म्हणजे 'याच्या आधी नाही'. घरात अजून दोन पार्ट्या आहेत.

वेळ संपत आला, पटकन सांगतो. सेटमधल्या सगळ्या बशा उलट्या करा, शिक्का कधीकधी मोजक्याच नगांवर असतो. नुसता दाबून उठवलेला शिक्का टॉर्च आडवा धरला की वाचता येतो. बुडाला राख किंवा घासणी लावू नका, शिक्का वरून मारलेला असेल तर निघून जाईल. आणि 'वेजवुड अँड कंपनी' वाचून उड्या मारू नका, टन्स्टॉल गावातला तो कारखाना वेगळा, नामांकित कुंभार जोसाया वेजवुडचा वेगळा. येतो, नमस्कार.