खडूची रेघ

भट्टीचं दार वर जातं. १२०० अंशांवर तापलेला जॉब, म्हणजे घडवायचा पोलादाचा ठोकळा, मॅनिप्युलेटर या पकडयंत्राच्या जबड्यात बाहेर येतो. अंगावरची खपली कशी तडतडून गळतेय, पाहा.

मकरपुरा औद्योगिक वसाहत (जीआयडीसी), वडोदरा.

हायड्रॉलिक प्रेसचा रॅम, म्हणजे तेलाच्या दाबानं खाली येणारा दट्ट्या, जॉबवर टेकतो. धाड नाही, दणका नाही. पोळीची कणीक तळव्यानं दाबावी तसं पोलाद कडांनी फुगतं. घणासारख्या आदळणाऱ्या हॅमरचा घाव मोठ्या जॉबवर वरवरच जिरतो. प्रेस रेटत राहतो, म्हणून दाब गाभ्यापर्यंत पोचतो. इथला जुना हॅमर भंगारात गेला, त्यावरचे चौघे आता दुसरीकडे असतात.

रॅमचा व्यास ५०० मिलिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३२० किलो. क्षेत्रफळ काढून गुणाकार करा: ६२८ टन. जोसेफ ब्रामानं १७९५ साली अशा प्रेसचं पेटंट घेतलं, पण दट्ट्याच्या कडेनं पाणी गळायचं. त्यावर कातड्याची वाटी बसवली गेली. दाब वाढेल तशी ती भिंतीला जास्तच चिकटायची. श्रेय सहसा त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला देतात. आजच्या सीलची, म्हणजे गळती रोखणाऱ्या कडीची, युक्तीही तीच.

[फक्त पंपाचा आवाज]

आता नजर रॅमवरून काढा, खांबांकडे या. ६२८ टन खाली रेटले की तेवढेच वरही रेटतात. सिलिंडर उखडायला बघतात. चार खांब, प्रत्येकावर १५७ टनांची ओढ. ओढ, सैल, पुन्हा ओढ. अशानं आट्यांच्या खाचेत तडा जातो. म्हणून पोकळ खांबातला टाय-रॉड, म्हणजे चौकट आवळणारी सळई, आधीच ताणून ठेवायचा. तापवायचा, लांबला की नट फिरवायचा, निवू द्यायचा. आकसताना तो अख्खी चौकट आवळून धरतो. मग काम सुरू असताना त्याच्यावरची ओढ फारशी खालीवर होत नाही.

नट किती फिरवायचा? ही खडूची रेघ त्या रेघेला भिडेपर्यंत. बस.

रेघेमागचं गणित वडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या, कलाभवन या तंत्रशाळेत शिकलेल्या माणसाचं आहे. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं ते अशाच कामासाठी. ड्रॉइंग बाहेरून आणा, स्वस्त पडेल, असं सांगणारे होतेच.

जॉब डायच्या, म्हणजे खालच्या साच्याच्या, कडेला सरकलाय. असाच दाबला तर रॅम तिरका रेटेल, त्याला सरळ चालवणारं गाईड झिजवून खाईल.

"मधे घे रे, मधे!"

जॉब मधे येतो. पाव फेरा फिरतो. रॅम पुन्हा खाली.